रात्रपाळी, कालवैषम्य आणि कर्करोग

दिनचर्येचा उपदेश करताना आपण रुग्णास उठण्याची व निजण्याची वेळ सांगतो. परंतु तो कोणत्या पाळीत काम करतो, हे बहुधा विचारीत नाही. काही वर्षांपूर्वी रात्रपाळी करणाऱ्या एक परिचारिका निद्रानाशासाठी आमच्याकडे येत असत. आम्ही सहा महिने वातशमनाची चिकित्सा केली. स्तनातील गाठीविषयी त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. निदान झाले तेव्हा व्याधी पुढे गेला होता. रात्रपाळीनेच तो झाला, असे म्हणता येणार नाही. पण विचारणा न करण्याचा दोष आमचाच होता. हा लेख त्या निमित्ताने.

शरीरातील घड्याळ

मेंदूच्या हायपोथॅलॅमस भागात सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस नावाचे दोन सूक्ष्म पेशीपुंज आहेत. नेत्रांवाटे येणाऱ्या प्रकाशानुसार हे मुख्य घड्याळ जुळते व यकृत, आतडे, अस्थिमज्जा आदींतील घड्याळांना ताल देते. पेशीविभाजन आणि डीएनएची दुरुस्ती यांवरही या तालाचा प्रभाव असतो. या यंत्रणेच्या संशोधनास २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रात्री प्रखर प्रकाशात राहिल्यास पिनिअल ग्रंथीतील मेलाटोनिनचा स्राव दबतो, निद्रा खंडित होते आणि अवयवांचे ताल परस्परांशी विसंगत होतात.

पुरावा कोठवर?

अमेरिकेतील परिचारिकांच्या २००१ मधील अभ्यासात ३० किंवा अधिक वर्षे फिरती रात्रपाळी केलेल्यांत स्तनकर्करोगाचा धोका सुमारे ३६ टक्क्यांनी अधिक आढळला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये कालवैषम्य घडविणारे पाळीचे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ या २अ गटात ठेवले व २०१९ च्या फेरविचारात रात्रपाळीसाठी तोच गट कायम केला. मात्र मनुष्यांतील पुरावा मर्यादित आहे, असेही तिने नमूद केले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश स्त्रियांच्या मोठ्या अभ्यासांत असा संबंध दिसला नाही. म्हणून ‘जागरणाने कर्करोग होतो’ असे रुग्णास ठामपणे सांगणे शास्त्रास धरून नाही.

चिकित्सेतील काल

सुश्रुताने उत्तरतंत्रात दहा औषधकाल सांगितले आहेत. काल हा चिकित्सेचा घटक आहे, हे आपणांस नवे नाही. फ्रान्समधील डॉ. फ्रान्सिस लेव्ही यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात हेच परीक्षणास लावले. १९९७ च्या चाचणीत शरीराच्या तालानुसार औषधे दिल्यावर ५१ टक्के रुग्णांत गाठी लक्षणीय आकसल्या. अखंड समान गतीने दिल्यावर हे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. श्लेष्मल त्वचेची तीव्र विषाक्तता ७६ वरून १४ टक्क्यांवर आली. परंतु २००६ मधील ५६४ रुग्णांच्या चाचणीत नेहमीच्या पद्धतीच्या तुलनेत एकूण आयुर्मान वाढले नाही. पुरुषांना लाभ दिसला, तर स्त्रियांत मृत्यूचा धोका वाढला. एकच वेळ सर्वांस लागू पडत नाही. म्हणून केमोथेरपीच्या वेळा आपण सुचवू नयेत.

व्यवहारात काय करावे?

१. रुग्णेतिहासात पाळी, रात्रपाळीची वर्षे व निद्रेचे तास नोंदवावेत.

२. असात्म्य जागरण झाल्यास त्याच्या निम्मा वेळ सकाळी, भोजनापूर्वी निजावे, असे वाग्भट सांगतो. नित्य रात्रपाळी करणाऱ्यास तेवढी निद्रा पुरणार नाही. अंधाऱ्या, शांत खोलीत पूर्ण निद्रा व निश्चित भोजनवेळ सुचवावी. नोकरी सोडण्याचा सल्ला सहसा देऊ नये. त्यावर घर चालते.

३. औषधविक्रेत्यांनी पाकिटावर केवळ ‘रात्री’ असे लिहू नये. रात्रपाळीचा कामगार निद्राकर औषध घेऊन यंत्रावर उभा राहील. ‘निजण्यापूर्वी’ असे लिहून समजावून सांगावे.

४. केमोथेरपी सुरू असताना कोणताही काढा, भस्म वा मेलाटोनिनची गोळी कर्करोगतज्ज्ञास कळविल्याविना देऊ नये.

५. गाठ, अकारण रक्तस्राव वा वजन घटणे आढळल्यास चिकित्सेचा प्रयोग करीत न बसता रुग्णास त्वरित तपासणीसाठी पाठवावे.

दिनचर्या स्वास्थ्यरक्षणासाठी आहे. कर्करोगाच्या चिकित्सेस ती पूरक ठरेल, पर्याय नव्हे. कालाचे महत्त्व सांगणाऱ्या वैद्याने रुग्णाचा काल वाया घालवू नये, एवढे आम्ही त्या परिचारिकेकडून शिकलो.