कराची नोटीस आणि कायद्याचा आधार

आमच्या बोरी अरबला सरकारी कागद घरी आला की माणसे आधी घाबरतात आणि मग वाचणारा शोधतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे असे कागद माझ्यापुढे येतात. गेल्या वर्षी मामा त्यांच्या गावाहून असाच एक कागद घेऊन आले.

“बाबू, हा काय म्हन्ते पाह्य बरं. घरातली भांडी नेतीन काय?”

चार वर्षांची घरपट्टी व पाणीपट्टी थकली होती. कापूस घरी येण्याआधीच सावकाराकडून दीडीने पैसे उचलायचे मामांनी ठरवले होते. मी कागद दोनदा वाचला. त्यात जप्ती नव्हती, फक्त मागणी होती. शिवाय कधीच पडून गेलेल्या गोठ्यावरही कर लावलेला होता.

ग्रामपंचायतीचा कर १९५८ च्या अधिनियमानुसार वसूल होतो. आधी बिल, मग मागणीची नोटीस आणि तरीही भरणा न झाल्यास जंगम मालमत्तेची जप्ती, असा क्रम आहे. आकारणी चुकीची वाटली तर पंचायत समितीकडे अपील करता येते. मुदत मात्र पाळावी लागते. म्हणून कागद मिळाल्याची तारीख लिहून ठेवणे, हे पहिले काम.

दुसरे काम सल्ला घेण्याचे. “वकिलाला पैसे कुठून आणू?” हा मामांचा प्रश्न खराच होता. त्याचे उत्तर राज्यशास्त्राच्या पुस्तकात सापडले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला आणि मोफत कायदेविषयक साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व अपंग यांना उत्पन्न कितीही असले तरी हे साहाय्य मिळते. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे.

आम्ही दारव्ह्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज दिला. तेथे मिळालेल्या वकीलसाहेबांनी जुन्या पावत्या मागितल्या. मामांनी एकही जपून ठेवली नव्हती! चूक आमचीही होती. पुढे प्रकरण लोकअदालतीत ठेवले गेले. गोठ्याचा कर वगळला आणि बाकी रक्कम तीन हप्त्यांत भरायचे ठरले. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते. म्हणून अंगठा उठवण्याआधी मी तडजोड मामांना मोठ्याने वाचून दाखवली. सावकाराची पायरी टळली.

ही वाट नवी नाही. १८९६ च्या दुष्काळात पुणे सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते गावोगाव फिरले. पीक बुडाले असता सरकारच्याच दुष्काळ-नियमांप्रमाणे शेतसाऱ्यात सूट मागता येते, हे त्यांनी रयतेला समजावले. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून तेच सांगितले. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. रयतेला तिचा हक्क समजावून सांगणे त्या काळी इतके महाग पडले होते.

कर बुडवा, असे माझे म्हणणे नाही. गावचा दिवा आणि नळ त्यावरच चालतो. पण देणे किती, ते कशाचे आणि केव्हा द्यायचे, हे विचारणे म्हणजे कर बुडवणे नव्हे. मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी वाचणारे आपणच आहोत. पुढचा कागद येईल तेव्हा तो घाबरून फडताळात ठेवू देऊ नका, एवढीच विनंती.