तान्हे बाळ, आखातातले ऊन आणि सणासुदीची गर्दी

श्रावण सुरू झाला की दवाखान्यात आणि फोनवर एक प्रश्न हमखास विचारला जातो. "डॉक्टर, बाळ आता दोन महिन्यांचे झाले. गणपतीला बरोबर नेले तर चालेल ना?" प्रश्न विचारणारी आई बहुधा तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दोन महिने बसून कंटाळलेली असते. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना नातवंडाला देवाच्या पायावर घालायचे असते, आणि बाबांनी गाडीत पेट्रोलही भरून ठेवलेले असते. अशा वेळी नुसते "नाही" म्हणणे सोपे असते, पण ते पुरेसे नसते. बाळाला कधी न्यावे, कसे न्यावे आणि कधी मुळीच नेऊ नये, याची कारणे समजली तर निर्णय घरच्या घरी घेता येतो. त्यासाठीच हा लेख.

आपले ऊन साधे नाही

सौदीमध्ये आपले सण घरातच साजरे होतात. त्यामुळे दम्माम, खोबर, जुबैल या भागातली अनेक कुटुंबे १९८६ साली खुल्या झालेल्या किंग फहद कॉजवेवरून बहारीनला जातात. मनामातले श्रीनाथजींचे मंदिर दोनशे वर्षांहून जुने आहे, आणि तिथल्या दर्शनाची ओढ आपल्या सर्वांनाच असते. पूल जेमतेम २५ किलोमीटरचा, पण सुट्टीच्या दिवशी इमिग्रेशन आणि कस्टमच्या रांगेत किती तास जातील हे कोणीच सांगू शकत नाही. त्यातून जन्माष्टमी आणि गणेशोत्सव येतात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे आखातात उकाड्याबरोबर दमटपणाही शिगेला पोचलेला असतो तेव्हा.

जेद्दाहमध्ये २२ जून २०१० रोजी ५२ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. पण नुसता पारा पाहून फसू नये. ८ जुलै २००३ रोजी धहरानला हवेचे तापमान सुमारे ४२ अंश होते, तरी हवेत इतकी वाफ होती की दवबिंदू ३५ अंशांवर पोचला. जगात नोंदल्या गेलेल्या सर्वांत दमट क्षणांपैकी तो एक आहे. घाम वाळला तरच शरीर थंड होते. हवा आधीच वाफेने भरलेली असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. म्हणून रियाधच्या कोरड्या ४३ अंशांपेक्षा खोबरच्या समुद्रकिनारी ३७ अंशांत जास्त गुदमरल्यासारखे होते. "सूर्य मावळला, आता कॉर्निशवर जाऊ" हा हिशेब तान्ह्या बाळाच्या बाबतीत नेहमीच बरोबर ठरत नाही, तो यामुळेच.

बाळ म्हणजे छोटा मोठा माणूस नव्हे

नवजात बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या अडीच ते तीन पट असते. त्यामुळे बाहेरची उष्णता त्याच्या अंगात भराभर शिरते. घाम येण्याची यंत्रणा अजून पुरती तयार नसते. शरीराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो, आणि मूत्रपिंडे पाणी धरून ठेवण्यात अजून कच्ची असतात. शिवाय बाळाला स्वतःचे दुपटे बाजूला करता येत नाही, सावलीत सरकता येत नाही, आणि "मला उकडतंय" असे सांगताही येत नाही. ते आधी किरकिरते, मग गप्प होते. मोठ्यांना वाटते, "शहाणे बाळ, झोपले बिचारे!" पण उन्हात गप्प झालेल्या बाळाकडे आधी नीट पाहावे.

गर्दीचा धोका वेगळाच

उन्हाचा त्रास निदान जाणवतो तरी. गर्दीतला जंतू दिसत नाही. मोठ्यांना जी साधी सर्दी असते, तीच आर.एस.व्ही. विषाणूमुळे झालेली असेल तर तान्ह्या बाळाला श्वास घेणे कठीण करू शकते. डांग्या खोकल्यात लहान बाळ पुष्कळदा खोकतही नाही, त्याचा श्वासच मधे थांबतो. गोवराच्या लशीचा पहिला डोस भारतात आणि सौदीत, दोन्हीकडे नवव्या महिन्यात दिला जातो. तोपर्यंत बाळाकडे असते ते आईकडून मिळालेले, दिवसेंदिवस ओसरत जाणारे संरक्षण. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली तेव्हा बालमृत्यूही झाले, हे सुट्टीत मुंबईला जाणाऱ्यांनी विसरू नये.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. सौदीत ऊन उतरते, सहली सुरू होतात, २०१९ पासून रियाध सीझनची गर्दी जमते, ते हिवाळ्याचे महिनेच आर.एस.व्ही.चेही असतात. म्हणजे थंडीत ऊन नाही, पण गर्दीचा धोका आहेच. वाळवंटातल्या सहलीत उंटाजवळ बाळाला नेऊन फोटो काढण्याचा मोहही टाळावा. मर्स हा आजार २०१२ मध्ये जेद्दाहमधल्या एका रुग्णामुळेच प्रथम ओळखला गेला, आणि तो उंटांकडून माणसात येतो.

जुन्या रीतीतले शहाणपण

आपल्याकडे बाळंतीण आणि बाळ सव्वा महिना घराबाहेर पडत नाहीत. शास्त्रात निष्क्रमण, म्हणजे बाळाला प्रथम घराबाहेर नेण्याचा संस्कार, चौथ्या महिन्यात आणि अन्नप्राशन सहाव्या महिन्यात सांगितले आहे. या रीतींमागची कारणे त्या काळी काहीही असोत, आजच्या वैद्यकाशी त्या बऱ्याच जुळतात. पहिले दोन-तीन महिने सर्वांत नाजूक. चौथ्या महिन्यापर्यंत लशींचे पहिले डोस झालेले असतात. तेव्हा "दर्शनाला नेले नाही तर काय म्हणतील?" अशी चिंता वाटणाऱ्या आजीबाईंना मी हेच सांगतो, की थांबणे हेही शास्त्राला धरूनच आहे.

माझा सर्वसाधारण सल्ला असा:

१. पहिले सहा ते आठ आठवडे: डॉक्टरांकडे जाण्याव्यतिरिक्त गर्दीत नेऊ नये. सकाळी लवकर इमारतीखाली सावलीत दहा-पंधरा मिनिटे फिरणे आई आणि बाळ दोघांनाही चांगले.

२. दोन ते चार महिने: ठरलेल्या लशी झाल्या असतील तर गर्दी नसलेल्या वेळी, वातानुकूलित जागी, अर्धा-पाऊण तास. महाआरती आणि महाप्रसादाची वेळ टाळावी.

३. चार महिन्यांनंतर: काळजी घेऊन नेता येईल, पण उघड्या मैदानात आणि भर दुपारी नको. सौदी सरकार १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३ धडधाकट कामगारांनाही उघड्या उन्हात कामाला लावू देत नाही. तिथे बाळाची काय कथा?

अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे किंवा हृदयाचा-फुप्फुसाचा आजार असलेले बाळ असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

गाडी: सावली नव्हे, भट्टी

उभ्या गाडीचे तापमान तासाभरात सुमारे २२ अंशांनी वाढू शकते, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. बाहेर २५ अंश असताना ही गत, मग ४५ असताना काय होईल याचा विचार करा. "बाळ झोपलंय, दोन मिनिटांत बकाल्यातून पाणी घेऊन येतो" हे वाक्य आपल्या घरातून कायमचे हद्दपार करावे. मागच्या सीटवर बाळाशेजारी आपला मोबाइल किंवा पाकीट ठेवण्याची सवय लावा, म्हणजे उतरताना मागे पाहिलेच जाते.

बाळाची कारसीट आधी सावलीत थंड करून मगच तिचे पट्टे आणि बकल हाताने चाचपावेत. धातूचे बकल चटका देते. आजीच्या मांडीवर बाळ हे प्रेमाचे चित्र आहे, सुरक्षित प्रवासाचे नाही. दर दोन तासांनी, आणि अगदी लहान बाळ असेल तर त्याआधीच, थांबून त्याला सीटमधून बाहेर काढावे. दूध पाजायचे ते गाडी थांबवूनच. स्ट्रोलरवर ऊन लागू नये म्हणून ओढणी किंवा ब्लँकेट टाकल्याने आत हवा खेळत नाही आणि बाळ जास्तच तापते. छत्री धरावी.

कपडे, दूध आणि पाणी

सुती झबले आणि लंगोट पुरे. कुंची, पायमोजे, वर दुपटे हा थाट पुण्याच्या डिसेंबरातला. हॉलमधल्या ए.सी.साठी एक पातळ दुपटे वेगळे ठेवावे आणि बाहेर पडताना काढावे. बाळाला उकडते आहे का हे हातपाय चाचपून कळत नाही, मानेमागे आणि छातीवर हात लावून पाहावे. सनस्क्रीन सहा महिन्यांच्या आत लावू नये, सावली हेच त्याचे संरक्षण. ड जीवनसत्त्वासाठी उन्हात ठेवण्याची गरज नाही, त्याचे रोजचे ४०० युनिटचे थेंब मिळतात.

"एवढ्या उन्हात बाळाला पाणी नको का?" सहा महिन्यांपर्यंत नको. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. उन्हात दूध अधिक वेळा पाजावे, आणि पाणी आईने प्यावे. वरून पाणी दिल्याने पोट भरते, दूध कमी जाते, आणि पाणी फार झाले तर रक्तातले सोडियम उतरून आकडी येऊ शकते. डब्याचे दूध असेल तर ते उन्हाळा म्हणून पातळ करू नये. उकळलेले पाणी आणि पावडर वेगवेगळी न्यावी आणि आयत्या वेळी मिसळावी. एका वर्षाच्या आत मधाचे बोटही नको, कारण त्यातून बॉट्युलिझम हा घातक आजार होऊ शकतो. तीर्थ-प्रसाद मोठ्यांनी घ्यावा, बाळाला नुसता अंगारा लावावा, तोही कपाळाला, तोंडात नको. कापराची पुरचुंडी गळ्यात बांधू नये. धूप-अगरबत्तीच्या धुरापासून आणि ढोल-ताशा, लाउडस्पीकर यांपासून बाळाला लांब बसवावे.

ही लक्षणे दिसली तर

टाळू खोल जाणे, तोंड कोरडे पडणे, सहा-आठ तासांत लंगोट ओला न होणे, दूध न ओढणे, श्वास भराभर चालणे, अंग लुळे पडणे, उठवूनही नीट न जागणे. यांपैकी काहीही दिसले तर कार्यक्रम तिथेच सोडावा. बाळाला थंड जागी न्यावे, कपडे काढावेत, कोमट पाण्याने अंग पुसून वारा घालावा, शुद्धीवर असेल तर दूध पाजावे. बर्फाचे पाणी नको, स्पिरिट नको. उन्हाने चढलेले तापमान पॅरासिटामॉलने उतरत नाही. बाळ लुळे असेल किंवा आकडी आली तर अंग थंड करत करतच सौदीत ९९७ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. सल्ल्यासाठी आरोग्य मंत्रालयाची ९३७ ही सेवा आहे.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर त्याच दिवशी, त्याच रात्री डॉक्टरांना दाखवायचे. काही वर्षांपूर्वी सात आठवड्यांचे एक बाळ पुलावरच्या तीन तासांच्या रांगेनंतर तापले. "गाडीत उकडले असेल" असे घरच्यांना वाटले. थंड खोलीत कपडे काढून अर्ध्या तासाने पाहिले तरी ३८.६. आजीबाई म्हणाल्या, "सकाळची वाट नको," आणि मध्यरात्री सगळे दवाखान्यात आले. लघवीत जंतुसंसर्ग निघाला, लगेच इंजेक्शने सुरू झाली, आणि बाळ ठणठणीत होऊन घरी गेले. उन्हामुळे तापले की आजारामुळे, हे घरी ओळखता येत नाही. म्हणून ताप उतरला तरी दाखवावे, आणि डॉक्टरांना न विचारता औषध देऊन ताप झाकू नये.

सुट्टीत मायदेशी गेल्यावर

"आम्हाला आखातातल्या उन्हाची सवय आहे" हा भ्रम घेऊन भारतात उतरू नका. आपली सवय ए.सी.ची असते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात पारा चाळिशीच्या आतच होता, तरी उघड्या मैदानात तासन् तास बसलेल्यांपैकी १४ जणांचा जीव गेला. ती मोठी माणसे होती. जून २०२४ च्या हज यात्रेत मक्केत तापमान ५१ अंशांपुढे गेले आणि १,३०० हून अधिक यात्रेकरू दगावले. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, गर्दीतल्या धोक्यांमुळे सौदी सरकारने लहान मुलांना हजला बरोबर नेण्यास मनाई केली. जिथे श्रद्धा सर्वांत मोठी, तिथेही मुलांसाठी नियम करावा लागला.

घरच्यांसाठी दोन शब्द

बाळाला घरी ठेवायचे म्हणजे दर वेळी आईनेच घरी बसायचे, असे मात्र होऊ देऊ नका. पहिल्या आरतीला आई जाईल, दुसरीला बाबा, मधे आजी बाळाजवळ थांबेल, असा वार लावता येतो. मंडळांनीही हॉलमध्ये एक शांत, थंड खोली बाळ-बाळंतिणींसाठी राखून ठेवावी, आणि त्यांना प्रसादाच्या रांगेत उभे करू नये. आपण पाहुणे म्हणून भेटाल तेव्हा बाळाचा पापा घेण्याचा आग्रह धरू नका, हात धुऊन लांबूनच कौतुक करा, आणि सर्दी असेल तर त्या घरी जाऊच नका. गरोदर सुनेला-लेकीला डांग्या खोकल्याची लस घेतली का, हे जरूर विचारा. त्या लशीने बाळाला पहिल्या महिन्यांत संरक्षण मिळते.

बाप्पा दरवर्षी येतात. यंदा बाळाने पाळण्यातून आरती ऐकली तरी चालेल. पुढच्या वर्षी ते स्वतःच्या पायांनी, टाळ्या वाजवत दर्शनाला येईल.