मॅचच्या दिवशी चर्चगेट

वानखेडे स्टेडियमपासून चालत पाच-सात मिनिटांवर आमचं उपाहारगृह आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी चालवते. सकाळी इडली, मिसळ, साबुदाणा वडा आणि दुपारी राइसप्लेट. आमचा धंदा लोकलच्या वेळापत्रकावर चालतो. सकाळी चर्चगेटला गाड्या रिकाम्या होतात तसं दुकान भरतं, संध्याकाळी ऑफिसं सुटली की ओसरतं. मॅचच्या दिवशी मात्र हे गणित मोडतं. दुपारपासून निळ्या जर्सींचा लोंढा सुरू होतो. स्टेडियममध्ये माणसं मावतात तेहतीस हजारांच्या आसपास. तिकीट नसताना नुसता माहोल अनुभवायला आलेल्यांची तर मोजदादच नाही.

हल्ली मोठे सामने काही वानखेडेवरच होत नाहीत. नेरूळ आहे, गहुंजे आहे, नागपूरजवळचं जामठा आहे. तिथल्या चहावाल्याच्या, मेडिकलवाल्याच्या उपयोगी पडावं म्हणून आम्हा दुकानदारांना जे उमगलं ते इथं मांडते.

१. तपासणी आत असते, आपण बाहेर असतो.

बंदोबस्त म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढं स्टेडियमचं गेट येतं. मेटल डिटेक्टर, अंगझडती, कॅमेरे. तिथं पोलीस आपलं काम चोख करतात. पण १७ एप्रिल २०१० ला बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर मुंबई इंडियन्सच्या सामन्याआधी स्फोट झाला, तो स्टेडियमच्या भिंतीलगत. माणसं जखमी झाली, सामना तासभर उशिरा सुरू झाला आणि बेंगळुरूला होणारे दोन्ही उपांत्य सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हलवावे लागले. १३ नोव्हेंबर २०१५ ला पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्समध्ये फ्रान्स-जर्मनी फुटबॉल सामना चालू होता. तिथले तिन्ही आत्मघाती स्फोट मैदानाबाहेर झाले, खाण्यापिण्याच्या दुकानांच्या आसपास. आतली तपासणी जितकी कडक, तितका बाहेरचा फुटपाथ उघडा पडतो. त्या फुटपाथवर आमची दुकानं आहेत. त्यामुळं ‘बंदोबस्त पोलिसांचा, आपण वडे तळा’ हा विचार आम्हाला परवडणारा नाही.

२. दुसऱ्याची बॅग कधीही ठेवून घेऊ नये.

यावर मी सगळ्यांत जास्त बोलते, कारण हा मोह रोजच्या धंद्यातला आहे. गेटवर पोचल्यावर माणसाला कळतं की बॅग आत नेता येणार नाही. पाण्याची बाटली, पॉवर बँक, हेल्मेट, लायटर, कधी कधी नाणीसुद्धा नाहीत. सामना सुरू व्हायला दहा मिनिटं उरलेली असतात. मग तो धावत जवळच्या दुकानात येतो. “वहिनी, मॅच संपेपर्यंत ठेवा ना, शंभर रुपये देतो.” असे शंभर-शंभर रुपये घेऊन बॅगांचा ढीग लावणारी माणसं प्रत्येक स्टेडियमबाहेर दिसतात. एका रात्रीत दिवसभराच्या धंद्याइतके पैसे त्यातून सुटतात, हेही खरं आहे.

पण त्या ढिगात काय आहे, हे ठेवणाऱ्याला माहीत नसतं. कोण परत आलं आणि कोण नाही, हे कळायला रात्रीचे बारा वाजतात. तेवढ्यात एक बॅग मालकाविना उरली तर बॉम्बशोधक पथकाला बोलवावं लागतं आणि तेही नेमकं तेहतीस हजार माणसं स्टेशनकडं निघालेली असताना. ११ जुलै २००६ ला ज्या लोकल गाड्यांत स्फोट झाले त्या चर्चगेटहून सुटल्या होत्या. आमच्या भागात बेवारस बॅग ही थट्टेची गोष्ट नाही.

नुसतं ‘नाही’ म्हणून मात्र भागत नाही. नाशिकहून लेकराला घेऊन आलेल्या बापाला आपण हाकलून दिलं, तर तो ती बॅग कुठल्या तरी झाडाखाली, पार्क केलेल्या गाडीखाली सोडून जाणार. धोका तसाच राहिला, फक्त आपल्या दारातून पुढं सरकला. म्हणून आम्ही काय नेता येत नाही याची यादी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून सकाळीच दर्शनी भागात लावतो. दुपारी जेवायला आलेला जर्सीवाला दिसला की बिल देतानाच त्याला विचारतो, “बॅग कुठं ठेवणार?” तेव्हा त्याच्या हातात दोन-तीन तास असतात. तो हॉटेलवर, नातेवाइकाकडं किंवा ओळखीच्या ऑफिसात बॅग ठेवून येऊ शकतो. खरा उपाय म्हणजे तपासणी करून, टोकन देऊन सामान ठेवण्याची अधिकृत सोय. ती प्रत्येक मैदानाजवळ असावी, ही आमची मागणी आहे.

आणि टेबलाखाली बॅग राहिलीच तर? आमच्याकडं याचा एकच नियम आहे आणि तो नव्या पोऱ्यालाही पहिल्या दिवशी सांगितला जातो. हात लावायचा नाही. उघडायची नाही. मोठ्यानं विचारायचं, “ही कोणाची?” उत्तर आलं नाही तर आजूबाजूची टेबलं शांतपणे रिकामी करायची आणि पोलिसाला बोलवायचं, ११२ ला फोन करायचा. सगळ्यांत सहज सुचणारी गोष्ट म्हणजे ती उचलून बाहेर फुटपाथवर नेऊन ठेवणं. सगळ्यांत घातकही तीच. बाहेर जास्त माणसं असतात.

३. शटर अर्धं ओढू नये.

टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून संघ परत आला तो दिवस ४ जुलै २०२४. नरिमन पॉइंटपासून वानखेडेपर्यंत उघड्या बसमधून मिरवणूक होती. ती ठरल्या वेळेपेक्षा कितीतरी उशिरा निघाली आणि तोवर मरीन ड्राइव्हवर माणसांचा समुद्र जमून गेला होता. काही जणांचा श्वास कोंडला, त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. गर्दी ओसरल्यावर रस्त्यावर चपला-बुटांचे ढीग पडलेले होते. मुंबईचं नशीब थोर. पुढच्याच वर्षी, ४ जून २०२५ ला, बेंगळुरूत आयपीएलच्या विजयोत्सवासाठी चिन्नास्वामीबाहेर लोटलेल्या गर्दीत चेंगरून ११ जण गेले. त्यांतले बरेचसे कोवळ्या वयाचे होते.

बॉम्बची भीती सगळ्यांना असते, गर्दीची कोणाला वाटत नाही. माझं मत उलटं झालं आहे. दुकानदारानं आधी गर्दीची तयारी करावी, कारण ती प्रत्येक सामन्याला येते.

गर्दी वाढू लागली की बहुतेक दुकानदार सवयीनं शटर अर्धं खाली घेतात. त्यामुळं डोक्याच्या उंचीवर लोखंडी पट्टी येते आणि मागून रेटा आला की पुढचा माणूस तिच्यावर आदळतो. शटर पूर्ण उघडं ठेवा, नाही तर पूर्ण बंद करा. आम्ही उघडं ठेवतो. त्या जुलैच्या संध्याकाळी दमलेल्या बायका, म्हातारी माणसं, हरवलेली पोरं आम्ही आत घेतली, पाणी दिलं आणि मागच्या दारानं घरगल्लीतून मोकळ्या रस्त्यावर सोडलं. त्यासाठी घरगल्ली मोकळी लागते. रिकामे क्रेट, तेलाचे डबे, मोडक्या खुर्च्या, सगळं आदल्या दिवशी हलवावं लागतं. २९ डिसेंबर २०१७ च्या कमला मिलच्या आगीत १४ माणसं गेली, तेव्हापासून मागच्या दाराला मी कुलूप घालू देत नाही. फुटपाथवरची पाटी, आइस्क्रीमचा फ्रीजर, बाहेर मांडलेली दोन टेबलं यांनी एरवी चार गिऱ्हाइकं जास्त मिळतात. सामन्याच्या रात्री तीच टेबलं पायांत येतात.

पावसाचाही विचार करावा. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर २३ जणांचा जीव गेला. तेव्हा पावसामुळं माणसं जिन्यावरच थांबली होती आणि मागून गर्दी येतच होती. दुकानाची ताडपत्री सबवेच्या तोंडाशी असेल तर सर आली की तिथं नेमकी माणसं थबकतात. अशी ताडपत्री त्या रात्री गुंडाळलेली बरी.

४. माल आणि माणसं आधी आणावीत, वेळेत परत पाठवावीत.

सामन्याच्या दिवशी आजूबाजूच्या रस्त्यांवर पार्किंग बंद होतं, काही रस्ते वाहनांना बंद होतात. त्यामुळं दूध, पाव, बर्फ पहाटे घ्यावं लागतं. १९ किलोचे निळे सिलिंडर तर आदल्या दिवशीच घ्यावेत, आणि हवेत तेवढेच. फुटपाथवर साखळीनं बांधलेला जादा सिलिंडर गर्दीच्या दिवशी मला बघवत नाही. २०१२ च्या ऑलिम्पिकला लंडनमध्ये दुकानदारांना मालाच्या गाड्या रात्री बोलवायला महिनोन्‌महिने आधीपासून सांगितलं गेलं. आपल्याकडं दोन दिवस आधी कळलं तरी पुष्कळ होतं.

आमच्याकडचा एक वेटर विरारला राहतो, भांडी घासणारी मावशी नालासोपाऱ्याला. त्यांना सामना संपायच्या आत निघू द्यायचं किंवा त्यांच्या झोपायची नीट सोय करायची. दमलेला, शेवटची लोकल चुकण्याच्या चिंतेत असलेला माणूस बेवारस बॅग बघूनही बघत नाही.

५. मोबाइल चालणार नाही असं धरून चालावं.

एका जागी एवढे फोन आले की नेटवर्क गुदमरतं. यूपीआय अडकतं, गिऱ्हाईक म्हणतं “पैसे गेले”, आपल्याला दिसत नाहीत आणि बाचाबाची सुरू होते. सुट्टे पैसे भरपूर ठेवा. क्यूआर कोड दर तासाला नजरेखालून घाला, कोणी वरून दुसरं स्टिकर चिकटवलं नाही ना याची खात्री करा. गल्ल्यातली रक्कम अधूनमधून आत हलवा, रात्री ती घेऊन एकट्यानं निघू नका. फोन लागत नसेल तर कोणत्या चौकात कोणता पोलीस उभा आहे, हे दुकानातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं.

६. वस्तू आणि वागणं बघावं, चेहरा नको.

२६/११ च्या हल्ल्यानंतर आमच्या भागात दाढी, टोपी, भाषा, परगावचा चेहरा यांवरून माणसं थांबवण्याची एक लाट आली होती. हल्ला झालेलं नरिमन पॉइंटचं हॉटेल आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळं भीती खरी होती. पण त्या भीतीनं आमच्या पाववाल्याला रोज दोनदा उलटतपासणी द्यावी लागली. तो आमच्याकडं वर्षानुवर्षं पाव टाकतो. अशानं सुरक्षा वाढत नाही. ज्याचा अपमान झाला तो माणूस उद्या काही दिसलं तरी आपल्याला सांगायला येत नाही.

त्याऐवजी काय बघावं? चहा न घेता तासभर बसून गेटचे फोटो काढणारा. सामान ठेवून घाईनं निघून जाणारा. उन्हाळ्यात जाड जाकीट घातलेला. गॅसच्या मीटरपाशी, विजेच्या पेटीपाशी रेंगाळणारा अनोळखी ‘दुरुस्तीवाला’. त्याला ओळखपत्र विचारा, नम्रपणे विचारा, पण नाव कोणतंही असो, विचारा.

७. सांगणाऱ्याच्या पाठीशी उभं राहावं.

१९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये एका उद्यानात बाकाखालची पिशवी रिचर्ड ज्युएल नावाच्या साध्या सुरक्षारक्षकाच्या नजरेला पडली. त्यानं पोलिसांना सांगितलं, माणसांना मागं सारायला लागला. स्फोट झालाच, पण त्याच्यामुळं कितीतरी जीव वाचले. काही दिवसांतच तपासाची सुई त्याच्यावरच वळली आणि वर्तमानपत्रांनी त्याला जणू गुन्हेगार ठरवून टाकलं. तो पुढं निर्दोष ठरला, खरा गुन्हेगार दुसराच होता.

आमच्या दुकानातल्या पोरांना ज्युएल माहीत नाही, पण ही भीती त्यांना पुरेपूर माहीत आहे. बिहारहून, लातूरहून आलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा पोलिसांना आपणहून फोन करणार नाही. ‘मलाच धरलं तर?’ म्हणून आमच्याकडं ठरलेलं आहे की त्यानं मला सांगायचं आणि फोन मी माझ्या नावानं, माझ्या नंबरवरून करायचा. बॅगेत डबा निघाला तरी त्याला कोणी हसायचं नाही, त्याचा पगार कापायचा नाही. पोलीस आले तर त्याच्या शेजारी मी उभी राहते. सगळ्यांची कागदपत्रं, पडताळणी, फोटो दुकानात तयार असतात. त्यामुळं त्या मुलाला घाबरायचं कारण उरत नाही.

८. बैठकीला मालकांनीच जाऊन भागत नाही.

मोठ्या सामन्याआधी दुकानदारांची पोलिसांबरोबर बैठक होते. तिथं मालक जातात, चहा होतो, सूचना लिहून घेतल्या जातात. रात्री दहा वाजता काउंटरवर उभा असलेला वेटर त्या बैठकीत नसतो. पे अँड पार्कवाला नसतो, स्टेशनबाहेरचा बूटपॉलिशवाला नसतो, भेळवाला नसतो. रस्त्यावर दिवसभर नजर असते ती यांचीच. मे २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला स्फोटकांनी भरलेल्या गाडीतून धूर निघताना आधी फेरीवाल्यांनी पाहिला आणि पोलिसांना सांगितलं. त्यामुळं मोठा घात टळला.

आपल्याकडचा फेरीवाला पोलिसाकडं जाताना आधी आपली टोपली लपवतो. फेरीवाल्यांचा कायदा २०१४ चा आहे, तरी सामान उचललं जाण्याची धास्ती काही गेलेली नाही. अशा माणसाकडून आपण दक्षतेची अपेक्षा करतो तेव्हा निदान एवढी हमी त्याला मिळायला हवी की माहिती देताना त्याला परवाना विचारला जाणार नाही. ही गोष्ट मी प्रत्येक बैठकीत उठून बोलते. एका अधिकाऱ्यांनी ती मनावर घेतली आणि त्या सामन्याला आमच्या कोपऱ्यावरच्या चणेवाल्याला एका हवालदाराची ओळख करून दिली, नावानिशी. त्या रात्री चणेवाल्यानं झाडाखाली पडलेली एक बॅग दाखवून दिली. निघालं काही नाही, पण त्यानं न घाबरता सांगितलं.

येत्या हंगामाआधीची आमच्या गल्लीची बैठक आम्ही दुकानातच ठेवली आहे, दुपारी तीनला. तेव्हा राइसप्लेटची गर्दी संपलेली असते आणि फेरीवाल्यांचा धंदाही मंद असतो. वेटर, मदतनीस आणि चणेवाला यांनी पुढच्या खुर्च्यांवर बसायचं, मालकांनी मागं उभं राहायचं, असं ठरलं आहे.