चित्रफितीचा वेग आणि काळाचे प्रमाण

बी रुजते, अंकुर वर येतो, देठाला पाने फुटतात, हे प्राथमिक शाळेतील मुलांना तोंडपाठ असते; परंतु रोप वाढत असताना मात्र त्यांपैकी कोणी पाहिलेले नसते. कालचे रोप व आजचे रोप यांच्यामधील वाढ मुलाने अनुमानाने जाणावी, एवढीच आपली अपेक्षा असते. घड्याळाच्या तासकाट्याची गोष्टही तीच. तो सरकलेला दिसतो, सरकताना दिसत नाही. अतिमंद व अतिशीघ्र अशा दोन्ही हालचाली आपल्या दृष्टीच्या कक्षेबाहेर राहतात. चलच्चित्राचा वेग पालटून त्या या कक्षेत आणता येतात. हे साधन आता शिक्षकाच्या खिशातील मोबाइलमध्ये आलेले असल्यामुळे ते कसे वापरावे, आणि कोठे वापरू नये, याचा विचार करणे अगत्याचे झाले आहे.

महाराष्ट्रात या साधनाचा पहिला वापर झाला तो एका कुंडीवर. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून परतले, तेव्हा चित्रपटासाठी भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवणे त्यांना अवश्य होते. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ थोडी थोडी चित्रे घेऊन मिनिटभराहून थोडी मोठी अशी ‘अंकुराची वाढ’ ही चित्रफीत सिद्ध केली. बी रुजून वेल होईपर्यंतचा सारा प्रवास पाहणाऱ्यांना एका बैठकीत दिसला. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. हरिश्चंद्राची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. शिक्षकाच्या दृष्टीने ती वाटाण्याची कुंडी अधिक मोलाची मानावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

यामागील तत्त्व साध्या भागाकाराचे आहे. चित्रपटात दर सेकंदाला साधारणतः २४ स्थिरचित्रे डोळ्यांपुढून जातात. घेतानाही सेकंदाला २४ घेतली असतील, तर हालचाल जशीच्या तशी दिसते. मिनिटाला एकच चित्र घेऊन दाखवताना २४ दाखवली, तर हालचाल १,४४० पट शीघ्र होते. उलट सेकंदाला २४० घेऊन २४ दाखवली, तर ती दहापट मंद होते. लांब उडी मारणाऱ्या मुलाचा पाय फळीवर नेमका कोठे पडला, हे या दुसऱ्या रीतीने त्यालाच दाखवता येते. जुन्या मूकचित्रांतील माणसे दुडदुडत चालताना दिसतात त्याचे कारणही हेच. सेकंदाला १६ च्या सुमाराने घेतलेली चित्रे २४ च्या वेगाने दाखवली, की चाल दीडपट होते. मुले त्या चालीला हसतात. आपले पूर्वज असे चालत नव्हते, हे त्यांना त्याच वेळी सांगितले पाहिजे.

येथे एक सूचना. नेहमीच्या वेगाने घेतलेली चित्रफीत नंतर मंद केली, तर दोन चित्रांमधील जे क्षण कॅमेऱ्याने टिपलेच नाहीत, ते कोठून येणार? संगणक तीच चित्रे पुन्हा दाखवतो, अथवा मधली चित्रे स्वतः कल्पून घालतो. मनोरंजनास ते चालेल, निरीक्षणास नाही. वेग किती हवा, हे चित्रण करण्यापूर्वीच ठरवावे.

उमेळे परिसरातील शाळांना या पाठासाठी दूर जावयास नको. वसईची खाडी जवळ आहे आणि तिच्या भरती-ओहोटीवरच येथील मिठागरांचा व्यवहार आजवर चालत आला आहे. ओहोटीपासून भरतीपर्यंत सुमारे ६ तास १२ मिनिटे, म्हणजे ३७२ मिनिटे लागतात. मिनिटाला एक याप्रमाणे घेतलेली ३७२ चित्रे साडेपंधरा सेकंदांत सरतात. पाण्यात हातहात अंतरावर रंगाचे पट्टे मारलेली काठी आधी मोठ्या माणसांकडून ओहोटीच्या वेळी रोवून घ्यावी. मोबाइल कोरड्या, उंच व सुरक्षित जागी सावलीत घट्ट बांधावा, म्हणजे तो हलणार नाही. मुलांना एकटे पाण्याकडे जाऊ देऊ नये.

ही चित्रफीत पाहताना मुलांच्या एक गोष्ट ध्यानात येते, जी दिवसभर काठावर बसूनही सहसा येत नाही. पाणी सारख्या गतीने चढत नाही. प्रारंभी ते रेंगाळते, मध्ये झपाट्याने चढते, शेवटी पुन्हा मंदावते. कोळी व खलाशी यांचा ढोबळ हिशेब असा की, एकूण चढीचे बारा हिस्से केले, तर सहा तासांत अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ असे हिस्से भरतात. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मी चढ होते. खाडीच्या आकारामुळे यात थोडाफार फरक पडतो. तो किती पडतो, हे मुलांनी काठीवरील पट्टे मोजून काढावे.

आणि नेमकी येथेच संपादनाची हौस घात करते. आरंभीचा व अखेरचा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून कोणी तेवढाच शीघ्र केला आणि मधली उसळी डोळ्यांत भरावी म्हणून ती मंद केली, तर चित्रफीत देखणी होईल, परंतु भरतीचा नियम तिच्यातून नाहीसा होईल. चित्रपटात दिग्दर्शक असा वेग पालटतो तो भाव उत्कट करण्यासाठी, आणि प्रेक्षकही ते जाणून असतो. वर्गातील मूल मात्र पडद्यावर दिसेल ते निसर्गाचे वर्तन म्हणून स्वीकारते. नकाशाच्या एका कोपऱ्यात एक प्रमाण व दुसऱ्या कोपऱ्यात दुसरे, असा नकाशा आपण भिंतीवर लावणार नाही.

नकाशाप्रमाणेच चित्रफितीच्या आरंभी प्रमाण लिहावे: १ सेकंद = २४ मिनिटे. या प्रमाणात अख्खा दिवस एका मिनिटात बसतो, हा हिशेब मुलांकडूनच करवून घ्यावा. वरच्या वर्गाने प्रत्येक तासाअखेरची पाण्याची उंची चौकटीच्या कागदावर मांडून आलेख काढावा. खालच्या वर्गाला एवढेच विचारावे, की शाळेतील ३६ मिनिटांची तासिका या चित्रफितीत किती वेळ टिकेल? उत्तर दीड सेकंद असे येते, आणि ते बहुतेकांना फार आवडते.