खुब्याचे दुखणे आणि फौजेचे अपंगत्व पेन्शन



या पानावर एरवी आम्ही बेणेप्रक्रिया, खतांचे हप्ते नाहीतर हुमणी यांवरच लिहितो. या खेपेला विषय वेगळा आहे. आपल्या कार्यक्षेत्रात फौजेतून परत येऊन ऊस लावणारे सभासद बरेच आहेत. त्यातल्या एकाच्या कागदांसाठी आम्ही दोन वर्षे धावपळ केली, त्यातून जे कळले ते इथे मांडतो. आम्ही वकील नाही आणि डॉक्टर तर नाहीच. पण सरकारी पत्र नीट वाचायचे आणि त्याला मुद्द्यावर उत्तर द्यायचे, हे शेतकी खात्यात रोजच करावे लागते.

हे सभासद २०१४ च्या मे महिन्यात मुदत पुरी करून निवृत्त झाले. २००१ साली डोंगरी भागात ड्युटीवर असताना गाडी घसरली आणि त्यांचा उजवा खुबा निखळला. लष्करी दवाखान्यात सांधा बसवला, पायाला वजन लावून सहा आठवडे झोपवून ठेवले. दुखापतीचा रिपोर्ट झाला, त्यात ड्युटीवर असल्याची नोंदही झाली. माणूस चालू लागला, सगळे विसरले. २००४ मध्ये जांघेत कळ सुरू झाली. तपासणीत निघाले की खुब्यातल्या हाडाचा गोळा रक्ताअभावी मरत चालला आहे. डॉक्टर याला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात, जवान नुसते ‘एव्हीएन’ म्हणतात. वैद्यकीय वर्ग खाली आला आणि पुढची दहा वर्षे हलक्या ड्युटीवर गेली. निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डाने अपंगत्व ३० टक्के धरले, पण खाली शेरा मारला की हे दुखणे सेवेमुळे झालेले नाही आणि सेवेमुळे वाढलेलेही नाही. इंग्रजी आद्याक्षरांवरून फौजेत याला ‘नाना’ म्हणतात. नाव घरातल्यासारखे, पण पेन्शन घालवतो तो हाच!

इथे नियम समजून घ्या. दोन गोष्टी लागतात. अपंगत्व २० टक्के किंवा जास्त पाहिजे, आणि ते सेवेमुळे झालेले किंवा सेवेमुळे बळावलेले पाहिजे. ‘किंवा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दुखणे आधीचे असले तरी नोकरीच्या कामाने ते वाढले असेल, तर हक्क पोचतो. आमच्या सभासदाची पहिली अट पुरी होती, अडले ते दुसरीवर.

बोर्डाची चूक कुठे झाली? त्यांनी २००१ चा मार वेगळा धरला आणि २००४ चे दुखणे वेगळे धरले. मार बरा झाला, हाड मेले ते प्रकृतीने, असा हिशोब. आता हुमणीचे पाहा. हुमणी जमिनीत मुळ्या खाते, वर ऊस कितीतरी दिवस हिरवागार दिसतो. पाने पिवळी पडतात तेव्हा मुळी कधीच गेलेली असते. पिवळेपणा ज्या दिवशी दिसला त्या दिवशी रोग लागला असे कोण म्हणेल? खुब्याचेही तसेच. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या बारीक नळ्या हाडाच्या मानेला लपेटून वर चढतात. खुबा निखळला किंवा मान मोडली की त्या ताणतात, तुटतात. सांधा जागेवर बसतो, पण गोळा उपाशी राहतो आणि पुढे महिन्यांनी, कधी वर्षांनी खचतो. साध्या एक्स-रेत हे सुरुवातीला दिसत नाही, एमआरआयमध्ये लवकर कळते. हे सगळे अस्थिरोगतज्ज्ञाकडून अर्ध्या पानावर लिहून घेतले. त्या अर्ध्या पानाने जे काम केले ते दहा पानांच्या विनवण्यांनी झाले नसते.

कारण त्यांनी पहिल्यांदा लिहून आणलेला अर्ज आम्ही पाहिला होता. मी देशाची सेवा केली, मुले लहान आहेत, कर्ज आहे, दया करावी. बंधूंनो, सगळे खरे असते, पण अपील ऐकणारा माणूस ते ऐकायला बसलेला नसतो. त्याला क्रम लागतो. कोणत्या तारखेला मार लागला, कोणत्या दवाखान्यात किती दिवस ठेवले, वर्ग कधी खाली आला, मधल्या काळात कोणती कामे करायला लावली आणि बोर्डाच्या शेऱ्यात कारण काय दिले आहे. पुष्कळदा कारण दिलेलेच नसते, आणि तोच आपला मुद्दा ठरतो. दारू किंवा स्टेरॉइडची औषधे यांनीही एव्हीएन होतो, हेही लपवू नका. स्टेरॉइड लष्करी दवाखान्यानेच दुसऱ्या आजारावर दिले असेल, तर ते कागद आवर्जून जोडा.

‘जन्मजात किंवा प्रकृतिजन्य’ असा शेरा असेल तर २०१३ चा धरमवीर सिंग खटला लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितले की भरतीच्या वेळी दुखण्याची नोंद नसेल, तर जवान धडधाकट होता असे धरायचे. सेवेचा संबंध सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर टाकायचे नाही. भरतीच्या तपासणीत ते दुखणे कळणे शक्य नव्हते असे बोर्डाचे म्हणणे असेल, तर त्याची कारणे बोर्डाने लिहिली पाहिजेत.

अपिलाची वाट अशी आहे. नकाराचे पत्र आल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील, ते फेटाळले तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरे. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. हे २००७ च्या कायद्याने झाले, २००९ पासून काम करते, आणि आपल्याला मुंबईचे खंडपीठ जवळ पडते. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करते.

आमच्या सभासदाला नकाराचे पत्र २०१५ च्या जुलैत आले. आडसाली लागणीचे दिवस, पत्र ट्रंकेत गेले. ते बाहेर निघाले २०२१ मध्ये, लागण करताना सरीत बसता येईना म्हणून! पहिले अपील मुदतबाह्य म्हणून परत आले. जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणात अर्ज केला, उशिराचे कारण खरे खरे लिहिले आणि २०२३ मध्ये निकाल बाजूने लागला. ३० टक्क्यांचे ५० टक्के झाले, कारण ५० च्या आतले अपंगत्व ५० धरण्याचा नियम आहे. मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही तो लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार खटल्यात ठरवले. २००६ नंतरच्या निवृत्तांना १०० टक्के अपंगत्वास शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात, म्हणजे यांना दरमहा ९ टक्क्यांऐवजी १५ टक्के.

पण थकबाकी मिळाली ती जानेवारी २०१९ पासूनची. अर्जाच्या मागे तीन वर्षे, त्यापलीकडे नाही, असे २००८ च्या तरसेम सिंग निकालात ठरले आहे. निवृत्तीपासूनची साडेचार वर्षे ट्रंकेत गेली. ते स्वतःच हसून सांगतात, पण त्यांच्या मालकीणबाई हसत नाहीत.

प्रत्येक खुबा सेवेतला ठरत नाही, हेही सांगून ठेवतो. रजेवर घरी असताना खासगी कामात अपघात झाला आणि त्याचा सेवेशी संबंध नसला, तर हक्क लागत नाही. २०११ च्या जुझार सिंग खटल्यात रजेवर असताना झालेल्या स्कूटर अपघाताला सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन नाकारले. त्यामुळे रजेत ट्रॉलीवरून पडलेल्यांनी उगीच आशा धरू नये. २१ सप्टेंबर २०२३ नंतर सेवा सोडणाऱ्यांना मात्र नवे नियम लागू आहेत, त्यांनी ते पाहूनच अर्ज करावा.

सध्या आणखी दोघांचे कागद गट ऑफिसात आले आहेत. एकाचा रिपोर्ट आणि दवाखान्याचे कागद जुळतात, तारखांचा तक्ता तेवढा करायचा आहे. दुसऱ्याकडे मेडिकल बोर्डाची प्रतच नाही. त्याचा माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून गेल्या आठवड्यात स्पीडपोस्टने त्याच्या रेकॉर्ड ऑफिसला गेला. पोचपावती आम्ही त्याच्या ऊसनोंदीच्या पावतीलाच टाचून दिली आहे.