तळ्याकाठची सायकलवाट

गावाला तळे असते, तळ्याला पाळ असते आणि पाळीवरून जाणारी पाऊलवाट असते. पलीकडच्या वाडीतील मुले याच वाटेने शाळेत येतात. अशा वाटेला सायकलमार्गाचे रूप द्यावे, हा विचार अलीकडे अनेक ठिकाणी पुढे येत असून तो स्वागतार्ह आहे. मात्र असा मार्ग कोठे आखावा आणि कोठे आखू नये, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे. त्यासाठी जपानमधील एका व मुंबईतील एका तलावाचे उदाहरण येथे घेतले आहे.

बिवा सरोवराची प्रदक्षिणा

बिवा हे जपानमधील सर्वांत मोठे सरोवर होय. शिगा प्रांतातील या सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ६७० चौरस किलोमीटर असून क्योटो-ओसाका परिसरातील एक कोटीहून अधिक लोकांना त्याचे पाणी मिळते. सायकलीवरून त्याला घातलेल्या फेरीस तेथे 'बिवाइची' म्हणतात. संपूर्ण फेरी सुमारे २०० किलोमीटरची आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये जपान सरकारने तिला राष्ट्रीय सायकलमार्गाचा दर्जा दिला.

यातील विशेष असा की, हा मार्ग काही सरोवरात भराव टाकून उभारलेला नाही. बहुतेक ठिकाणी जुनेच रस्ते उपयोगात आणले असून त्यांच्या कडेला निळ्या बाणांच्या खुणा रंगविल्या आहेत. सावकाश जाणाऱ्यांसाठी व वेगाने जाणाऱ्यांसाठी निरनिराळे मार्ग दाखविले आहेत. वाटेत हवा भरण्याचा पंप, हत्यारे व स्वच्छतागृह यांची सोय असलेली केंद्रे आहेत.

फेरी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने घालावी, असे तेथे सुचविले जाते. याचे कारण सोपे आहे. आपल्याप्रमाणेच जपानमध्येही वाहने डाव्या बाजूने चालतात. उलट दिशेने गेल्यास पाणी सतत डाव्या हाताला राहते आणि रस्ता वारंवार ओलांडावा लागत नाही. आपल्याकडेही हाच नियम उपयोगी पडेल.

बिवाची आणखी एक हकीकत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९७७ मध्ये सूक्ष्म जीवांची बेसुमार वाढ होऊन या सरोवराचे पाणी तांबूस झाले. फॉस्फरसयुक्त धुलाईचूर्ण हे त्यामागील एक कारण असल्याचे समजताच तेथील गृहिणींनी ते सोडून साबण वापरण्याची चळवळ चालविली. १९८० पासून प्रांतात अशा चूर्णाची विक्री व वापर यांवर बंदी आली. सायकलमार्ग नंतर आला. सरोवराची काळजी आधी घेतली गेली.

पवईचा धडा

मुंबईचा पवई तलाव १८९१ सालचा असून त्यात मगरींचा अधिवास आहे. त्याच्या काठाने सायकल व पादचारी मार्ग बांधण्याचे काम महानगरपालिकेने हाती घेतले. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हे काम बेकायदेशीर ठरविले आणि झालेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. पाणथळ जागांविषयीच्या २०१७ च्या नियमांचा आधार या निर्णयास होता.

तलावाचा काठ आपणास मोकळा दिसतो. वस्तुतः तो मोकळा नसतो. मगरी तेथे उन्हाला येतात व अंडी घालतात, पक्षी चरतात आणि पावसाळ्यात पाणी तेथपर्यंत पसरते. ही जागा भरून काढणे म्हणजे तळ्याचाच एक तुकडा काढून घेणे होय.

गावाने काय करावे?

१. पाणी जास्तीत जास्त कोठवर चढते, हे वृद्धांना विचारून निश्चित करावे व मार्ग त्याबाहेर ठेवावा.

२. नवी वाट फोडण्यापेक्षा चालू वाट सुधारावी. मुरूम दाबून घेतल्यास बहुधा काम भागते.

३. मातीची पाळ खणू नये व तिच्यावर मोठी झाडे लावू नयेत. मुळांमुळे गळती सुरू होते. पाटबंधाऱ्याचे तळे असल्यास संबंधित खात्याची परवानगी घ्यावी.

४. सांडव्यावरून पाणी वाहत असताना मार्ग बंद ठेवावा व तसा फलक लावावा.

५. मार्ग मध्येच तुटू देऊ नये. नऊ भाग सुरक्षित असून दहावा भाग भरधाव वाहनांच्या रस्त्यावर गेला, तर आईबाप मुलांना पाठवीत नाहीत.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. २००६ मध्ये बिहार सरकारने नववीतील मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली. तिच्यामुळे माध्यमिक शाळांत मुलींची नोंदणी वाढली, आणि शाळा तीन किलोमीटरहून दूर असलेल्या गावांत हा परिणाम अधिक ठळक होता, असे संशोधकांना आढळले. दूरच्या वाडीतील मुलीची शाळा सुटणार की टिकणार, हे अनेकदा अशा दोन-तीन किलोमीटरांवर अवलंबून असते.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह एकदा तळ्याला फेरी घालावी आणि पाण्याची रेषा, सांडवा, घरटी व धोक्याची वळणे दाखविणारा नकाशा तयार करून तो ग्रामसभेपुढे ठेवावा. त्या नकाशावरून आखलेला मार्ग मुलांना शाळेत पोहोचवील आणि तळेही अबाधित राखील.