हातशिलाईचा किल्ट : भाव कसा ठरवावा?

स्कॉटलंडचे पुरुष कमरेला चौकड्याचा, चुण्यांचा जो घेर नेसतात तो किल्ट. पाकिस्तानातील सियालकोटचे कारागीरही तो शिवून परदेशी पाठवतात. या स्वस्त मालापुढे स्कॉटलंडचा छोटा हातशिलाईवाला टिकायचा तर त्याचा हिशेब पक्का हवा. आपल्या शिंपी बांधवांनीही तो पाहण्यासारखा आहे.

पूर्ण किल्टला एकेरी पन्ह्याचे आठ वार लोकरी कापड लागते. दुहेरी पन्ह्याचे चार वार घेऊन मधोमध उभे कापले की आठ वार होतात. खाली दुमड घालत नाहीत, कापडाची मूळ किनारच तिथे येते. चुण्या अशा घालायच्या की मागूनही चौकडा अखंड दिसावा. खरी मेहनत इथे आहे.

रोजच्या वापराचा किल्ट साधारण पाच वारांत होतो. तीन वार वाचले, चुण्या कमी झाल्या, म्हणून कारागीर भाव निम्मा लावतो आणि फसतो. माप घेणे, पुढचे दोन सपाट पदर, पट्टे, बकल ही कामे तेवढीच राहतात. आम्ही म्हणू, पहिला नग घड्याळ पाहून शिवावा, तास मोजावेत, मगच भाव सांगावा.

पँटच्या मापावर विसंबू नये. पारंपरिक किल्ट बेंबीच्या उंचीवर बसतो, रोजचा बहुधा खाली. गिऱ्हाइकाला विचारूनच फीत लावावी. कापड पॉलिएस्टर-व्हिस्कोसचे असेल तर तसे स्पष्ट सांगावे. लोकर म्हणून विकलेल्या मालाची कमाई हलाल कशी? आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, कारण एकाच्या कमरेवर बेतलेला किल्ट दुसऱ्याला सहसा बसत नाही.